बायडाबाईचं दूध

कोकरू लावून घ्यायचं काम धनगरांच्या सगळ्याच बायांना येतं, पण पालीच्या शिवारात कुणालाही विचारा, नाव एकच निघायचं, बायडाबाईचं. मेंढी व्याली आणि कोकरू दगावलं, किंवा कोकरू जगलं आणि मेंढीच गेली, तर दोन पोरक्यांची गाठ घालून द्यायची, एवढंच ते काम. सांगायला सोपं आहे. मेंढी दिसते तेवढी भोळी नसते. परकं कोकरू जवळ आलं की ती वास घेते आणि डोक्याने ढुशी देऊन लांब करते. मग बायडाबाई मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या पाठीवर बांधायची आणि मेंढीसमोर उकिडवी बसून राहायची. मेंढी हुंगायची, थबकायची, पुन्हा हुंगायची. कासेत दूध नसलं तरी बायडाबाई घाई करायची नाही. सडावरून शेळीच्या दुधाची बारीक धार सोडायची, त्या आशेवर कोकरू चोखत राहायचं, आणि पाच-सहा दिवसांत मेंढी आपसूक पान्हवायची.

"आदी दूद येत न्हाई, आदी तोंड येतंय," ती मेंढीला समजावून सांगायची. मेंढीलाच, कारण माणसं तिच्याशी फारशी बोलत नसत.

सात-आठ वर्षांमागे तिचं तीन महिन्यांचं पोर गेलं, आणि वर्षाच्या आत नवरा धुळाजी तापाने गेला. एका घरात दोन मरणं झाली की लोक तिसरं कारण शोधत नाहीत, सुनेचे पाय बघतात. बायडाबाई पांढऱ्या पायाची ठरली. धनगरांत विधवेचा पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करून द्यायची रीत होती. तिला दोनदा विचारलं, दोनदा ती नाही म्हणाली, मग कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर तिसऱ्यांदा ती हो म्हणाली असती. पण हे सांगायचं कुणाला?

थोरला दीर म्हाळू आणि जाऊ रतनबाई यांच्या वाड्याच्या कडेला तिचं खोपट होतं. वाडा म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण घालून केलेला मेंढरांचा मुक्काम. कळप चरायला गेला की मागे राहिलेली कोकरं बायडाबाईची. रतनबाई कुंपणावरून भाकरी द्यायची, आणि कोरड्यास बरं झालं तर तेही द्यायची, वाईट बाई नव्हती ती. पण तिला पाच पोरं झाली आणि पाचांतलं एकही तिने सात वर्षांत कधी बायडाबाईच्या मांडीवर दिलं नाही.

साल एकोणीसशे अठराचं. भादव्यात पावसाने पाठ फिरवली आणि आश्विनात मानमोडी आली. निजाम सरकारच्या कागदांत तिला इन्फ्लुएंझा म्हणत असत. सकाळी अंग दुखायचं, दुपारी मान टाकायची, तिसऱ्या दिवशी तिरडी. म्हाळूच्या वाड्यातही निम्मी माणसं आडवी होती, म्हणून चाऱ्याच्या शोधात निघायचं सोडून कळप पालीतच अडकला होता.

गावातल्या धोंडीरामची बायको सुंदरबाई त्याच साथीत गेली. मागे वीस दिवसांची मुलगी. साथीच्या गडबडीत पोरीचं बारसंसुद्धा झालं नव्हतं. धोंडीराम चांगला बारा बैलांचा शेतकरी, घरात गाय होती, दुधाला तोटा नव्हता, पण गाईचं दूध पोरीला पचेना. गावात अंगावर पाजणाऱ्या बाया होत्या त्यांतल्या दोघी मेलेल्या, तिघी तापात, आणि उरलेल्या म्हणाल्या, आमचंच आम्हाला पुरत नाही. मेलेल्या बाईचं पोर छातीला लावायची भीती त्यांना होती, पण तसं कुणी म्हणालं नाही.

धोंडीरामची आई छबुबाई शेळीचं दूध मागायला धनगरवाड्यावर आली ती दिवाळीच्या आधल्या दिवशी, भर दुपारी. पोर पदराखाली होतं.

"बायडे, शेळीचं दे बाई जरासं. हे गाईचं समदं ओकतंय."

"द्या हिकडं तवर. म्या धरते, तुमी तांब्या धुवा," बायडाबाई म्हणाली.

छबुबाईने क्षणभर विचार केला. पांढऱ्या पायाची गोष्ट तिलाही ठाऊक होती. पण पोर दोन रात्री रडत होतं आणि म्हातारीचे हात थकले होते. तिने पोर दिलं. बायडाबाईच्या मांडीवर माणसाचं पोर सात वर्षांनी आलं, आणि तिला पहिल्यांदा जाणवलं ते एवढंच, की हे कोकरापेक्षा हलकं आहे. पोराने तोंड फिरवलं, चोळीच्या कापडाला ओठ लावले आणि चोखू लागलं. बायडाबाईने गाठ सोडली. गप्प तरी बसेल, एवढाच विचार. पण कोरड्या छातीला लावल्यावर पोर दोन घोट शोधून चिडलं, लाल झालं आणि मान फिरवून ओरडू लागलं.

मग बायडाबाईने जे केलं ते तिला येत होतं म्हणून केलं. कापसाची लांब वात वळली, शेळीच्या कोमट दुधात भिजवली आणि वरून छातीवर अशी सोडली की दूध वातीवरून थेंब थेंब पोराच्या ओठात उतरेल. पोर चोखायला लागलं. वात सुकली की ती पुन्हा भिजवायची.

"अगं, हे काय?" छबुबाई बघतच राहिली.

"मेंढ्यास्नी करते की. मावशी, येक काम करा. सुंदरबाईची अंगातली येखांदी चोळी ऱ्हायली आसंल तर द्या मला. धुतलेली नको."

"तिचं समदं जाळलंय गं."

"बघा तरी. पोरीला मपला वास नवा हाय. दोन दिस आईचा वास असू द्या, मग घेईल."

मेंढीला फसवायला कोकराला कातडं घालतात. इथे फसवायचं होतं पोराला, म्हणून कातडं आईला घालायचं, असा तिचा साधा हिशेब होता. दुसऱ्या दिवशी छबुबाईने लुगड्याच्या ओच्यात लपवून एक हिरवी खणाची चोळी आणली. दंडाला ठिगळ होतं, काखेत घामाचा डाग होता. बायडाबाईने ती अंगात घातली. मेलेल्या सवाष्णीची चोळी विधवेने घालायची, याला काय म्हणतात ते तिला ठाऊक होतं. पण दुपारी पोर त्या चोळीत नाक खुपसून निवांत झालं तेव्हा तिला दुसरं काही सुचलं नाही.

रोज दुपारी, माणसं रानात गेली की छबुबाई पोर घेऊन यायची आणि दिवस मावळताना घेऊन जायची. विचारलं तर शेळीच्या दुधाला जाते म्हणायची. बायडाबाई रोज वात भिजवायची. बाराव्या दिवशी वात सुकली तरी पोर चोखत राहिलं. बायडाबाईला वाटलं, उगीच चाळा करतंय. मग पाठीतून काहीतरी मुंग्यांसारखं सरसरत पुढे आलं, छाती ताणली, आणि पोराच्या घशातून घुटुक घुटुक असा आवाज येऊ लागला. तिने पोराला बाजूला करून पाहिलं. पातळ, निळसर, पण दूधच.

ती भ्याली. आपल्याला काहीतरी रोग झाला असं तिला आधी वाटलं. मग पोराने हात मारून छाती पुन्हा धरली आणि तिची भीती कुठल्या कुठे गेली. ती रडली. तिला इतका आनंद झाला होता की तो ठेवायला जागा नव्हती, आणि सांगायला माणूस नव्हतं. कोपऱ्यातल्या लंगड्या कोकराला तिने सांगितलं, "बग, म्या बी पान्हावले."

पोरीचे गाल भरले. छबुबाई म्हणाली, "बायडे, तुपले उपकार जल्मात फिटायचे न्हाईत." असं बोलणाऱ्या माणसापासून जरा जपून असावं, पण बायडाबाईला ते ठाऊक नव्हतं. तिचे उपकार याआधी कुणी मानलेच नव्हते.

मार्गशीर्ष लागला आणि रतनबाईने कुंपणावरून भाकरी देताना ओली चोळी पाहिली. आधी ओल पाहिली, मग चोळी. दंडाचं ठिगळ तिने ओळखलं, बाजाराच्या दिवशी सुंदरबाईच्या अंगात शंभरदा पाहिलं होतं.

"नवरा मरून सात वर्सं झाली. हे दूद कशाचं गं?"

बायडाबाईने खरं ते सांगितलं. पण खरं सांगून पटवायला आधी कुणीतरी आपलं असावं लागतं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. विधवेला दूध, अंगात धोंडीरामच्या बायकोची चोळी, आणि धोंडीराम मोकळा. उचलली जीभ लावली टाळ्याला. सुंदरबाई जाऊन दोन महिने झाले नव्हते आणि या हिशेबाला नऊ महिने लागतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं असेल तरी त्याने मजा गेली असती. पोट कधी कुणी पाहिलं होतं का, असं एकाने विचारलं, तर दुसरा म्हणाला, घोंगडं गुंडाळून बसलेली असते, कोण बघतंय? हे मात्र खरं होतं. वर्षभर तिच्याकडे कुणी नीट पाहिलंच नव्हतं, त्यामुळे पोट नव्हतं अशी साक्ष द्यायला कुणी नव्हतं. बाळंत होऊन तिने पोर नदीत टाकलं असेल, इथपर्यंत बोलणं गेलं.

म्हाळूने जातीचे पंच बोलावले. पाचांत मोठा हरिबा. सत्तरीचा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, पण हाताने चाचपून मेंढीचं वय सांगायचा. बायडाबाईने त्याच्यापुढे सगळं सांगितलं, वात, चोळी, बारा दिवस.

"चोळी कुणी दिली?"

"छबुमावशीनं."

छबुबाईला विचारायला माणूस गेला. धोंडीरामची दुसरी सोयरीक तेव्हा नेकनूरकडे चालली होती. मुलीकडचे लोक मानी, नावाला जपणारे. छबुबाई दारातच म्हणाली, "चोळी वाळत घातली व्हती, गेली कुटं तरी. आमी शेळीच्या दुदाला जात व्हतो, बाकी आमाला ठावं न्हाई." माणूस ते घेऊन परत आला. म्हणजे आता चोरीही आली. बायडाबाईला राग आला नाही, फक्त वाटलं, उद्या दुपारी पोर येणार नाही.

हरिबाला मात्र हे पटेना. "येकतर्फी न्याव करायचा न्हाई बे," तो म्हाळूला म्हणाला, "बीडच्या दवाखान्यात नेऊन इचारू." दुसऱ्या दिवशी नातवाच्या बैलगाडीतून तो तिला बीडला घेऊन गेला. दवाखान्याच्या ओसरीवर माणसं नुसती ओळीने झोपवलेली होती. डॉक्टरसाहेब हैदराबादचे, तीन आठवडे धड झोपलेले नसावेत. दवाखान्यातल्या दाईने बायडाबाईला पडद्याआड नेऊन तपासलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "हिला वर्ष-दोन वर्षांत बाळंतपण झालेलं नाही. सात-आठ वर्षांपूर्वी झालं असेल."

डॉक्टरांचं मराठी उर्दूच्या वळणाचं होतं. थकलेला माणूस कधी कधी एखाद्या निरोगी गोष्टीने जागा होतो, तसे ते जागे झाले. बायडाबाईला त्यांनी वातीचं सगळं पुन्हा सांगायला लावलं.

"बुढ्ढेबाबा, ऐका. आपल्या मगजच्या खाली, बिलकुल मध्ये, हरभऱ्याएवढी एक गाठ असते. बच्चा चोखतो, त्याची खबर नसांतून वर जाते. मग ती गाठ आपला अर्क रक्तात सोडते. रक्त सगळ्या अंगात फिरतं. हाताकडे जातं, पायाकडे जातं. पण त्या अर्काचं खत, म्हणजे चिठ्ठी, फक्त छातीला वाचता येते. छाती वाचते आणि दूध सोडते. सात-आठ वर्षं झाली, साहेबलोकांनी त्या गाठीचा अर्क बकरीला टोचून बघितला. बकरीने तिथेच दूध सोडलं. अशा अर्काला हार्मोन म्हणतात."

"आन् ती गाठ इचारत न्हाई का, पोर कुणाचं हाय?" बायडाबाईने विचारलं.

डॉक्टर हसले. "नाही. तिला फक्त तोंड कळतं."

"आमी तेच म्हंतो," हरिबा म्हणाला.

"आणखी एक. गुर्द्यावर, म्हणजे मूत्रपिंडावर, टोपीसारखी दुसरी गाठ असते. माणूस घाबरला की तिचा अर्क सुटतो, काळीज धडधडतं, आणि दूध असलं तरी अडून बसतं."

"लांडगं दिसलं की मेंढी पान्हा चोरती, ते हेच," हरिबा पुन्हा म्हणाला. त्याला डॉक्टर फार आवडले. आयुष्यभर आपण जे हाताने केलं ते पुस्तकात आहे हे कळून त्याची छाती फुगली होती. मूल लावणं बंद केलं तर दूध किती दिवसांत आटतं, असं त्याने विचारलं. "आठ-पंधरा दिवस. कुणाचंही," डॉक्टर म्हणाले आणि ओसरीवर कुणीतरी मान टाकली म्हणून धावले. त्यांनी घाईत उर्दूत दोन ओळी लिहून दिल्या.

पंचांपुढे तो कागद फिरला. कुणी उभा धरला, कुणी आडवा. वाचता येणारा पटवारी मानमोडीने गेलेला. म्हाळू म्हणाला, "कागद म्हंजी काय, शाई. दाई परकी, डाक्तर परका. जातीत तोंड मला दाखवायचं हाय."

तेव्हा हरिबाने आपल्या मते मोठा शहाणा तोडगा काढला. "कागद ऱ्हाऊ दे. मेंढरांचा न्याव लावू. लावून घेतलेल्या मेंढीचं कोकरू तोडलं की पंधरा दिसांत ती आटती. इलेली मेंढी आटत न्हाई, दोन-दोन म्हयनं धार सोडती. बायडे, पंधरा दिस पोर लावू नको. आटलं तर तुपलं खरं. ऱ्हायलं तर म्हाळूचं खरं."

पाचामुखी परमेश्वर. पाचही जणांनी माना हलवल्या. व्यालेल्या मेंढीचं कोकरू तोडून, तिला न पिळता, कुणी कधी पंधरा दिवस थांबून पाहिलं होतं का? नव्हतं. धनगर दुभती मेंढी पिळल्याशिवाय ठेवतच नाही. "कुणाचंही" हा डॉक्टरांचा शब्द हरिबाने ऐकला होता, पण त्याला आपल्याला हवं तेवढंच ऐकू आलं. तो बायडाबाईला वाचवायलाच बघत होता. त्याच्या डोळ्यांपुढे ती आताच सुटली होती.

"आन् पोर?" बायडाबाई म्हणाली.

"शेळीचं दूद हाय की. पंधराच दिस. नाव जाण्यापरीस बरं."

बायडाबाईने हिरवी चोळी काढून पंचांपुढे ठेवली आणि छाती फडक्याने करकचून बांधली.

पहिले चार दिवस छातीत दगड भरल्यासारखं दुखलं. ताप आला. त्याहून वाईट म्हणजे अंग ऐकत नव्हतं. दुपार झाली, छबुबाईची वेळ झाली की फडकं ओलं व्हायचं. कोकरू ओरडलं तरी ओलं व्हायचं. ती कानांत बोळे घालून बसायची. एरवी तिचं खोपट रिकामंच असायचं, पण त्या दिवसांत ते पहिल्यांदा तिला रिकामं वाटलं. रतनबाई भाकरी देताना विचारायची, "कमी हाय का?" बायडाबाई होकाराची मान हलवायची. आठव्या दिवशी खरंच कमी झालं. आपलं नाव परत येतंय, असं मनाशी म्हणून बघितलं तिने. काही वाटलं नाही.

नवव्या दिवशी भर उन्हात छबुबाई आली. शेळीचं दूध पोर वाटीने घेतच नव्हतं. खोपटात शिरून तिने पदर बाजूला केला. पोरीची टाळू खोल बसली होती, ओठ चामड्यासारखे झाले होते, आणि ती रडतही नव्हती. कोकरू रडायचं थांबलं की बायडाबाई मेंढीकडे बघत नसे, कोकराकडे बघे. एक दिवस राहिलाय की दोन, हे तिला कळत असे.

"मावशी, पंचास्नी सांगताल का, तुमी आनली म्हनून?"

छबुबाई खाली बघत म्हणाली, "आदी पाज गं. मग बघू."

मग बघू म्हणजे काय, ते बायडाबाईला चांगलं कळलं. पाजलं तर दूध राहणार आणि नाव जाणार. नाही पाजलं तर नाव राहणार. तिने फडक्याची गाठ दातांनी तोडली. पोरीला ओढायला जोर नव्हता, म्हणून पहिले थेंब तिनेच पिळून ओठात घातले. मग हळूहळू गळा हलला. त्या दिवसापासून छबुबाई पुन्हा रोज येऊ लागली, मागच्या वाटेने.

पंधराव्या दिवशी वाड्यापुढच्या लिंबाखाली पंच बसले. गाव बघायला लोटलं होतं, कारण साथ ओसरली होती आणि लोकांना बऱ्याच दिवसांत कुणी न मरता जमायला मिळालं नव्हतं. घोंगडी बांधून आडोसा केला होता. तपासायला रतनबाई आणि एक म्हातारी. बायडाबाई आत गेली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. आदल्या संध्याकाळपासून पोरीला पाजलेलं नव्हतं, छाती भरलेली होती. आता एका मिनिटाचं काम. तिचं काळीज कानांत वाजत होतं, तळहात गार पडले होते.

रतनबाईने पिळून पाहिलं. काही आलं नाही. पुन्हा पाहिलं. म्हातारीने पाहिलं. एक थेंब नाही. रतनबाईने जावेच्या तोंडाकडे पाहिलं, आणि सात वर्षांत पहिल्यांदा तिच्या गालाला हात लावला. मग घोंगडं सारून बाहेर आली आणि मोठ्याने म्हणाली, "कोरडं हाय!"

लांडगा पाहिलेल्या मेंढीसारखं तिच्या अंगाने दूध चोरलं होतं. बायडाबाई चोळी बांधून बाहेर आली तेव्हा तिचा स्वतःचाच विश्वास बसत नव्हता. नाव वाचलं होतं आणि दूधही आत होतं. दोन्ही. आपल्याला एकाच वेळी दोन गोष्टी मिळतील असं तिला कधी वाटलं नव्हतं. हरिबा आनंदाने उठला, डॉक्टरांचं सगळं सांगणं विसरला, आणि खंडोबाच्या नावाने तिच्या कपाळाला लावायला त्याने भंडाऱ्याची चिमूट उचलली. "म्या म्हनलं नव्हतं? पोरगी खरी हाय." बायडाबाईचे खांदे खाली आले. श्वास मोकळा झाला. भीती गेली.

गर्दीच्या मागे छबुबाई उभी होती, पोर काखेला. का आली होती कुणास ठाऊक. बोलायलाच आली असेल, असं आपण धरून चालू. पोरीची दुपारची वेळ झाली होती. तिला बायडाबाईचा आवाज ओळखू आला असेल, किंवा नुसती भूक लागली असेल. ती रडली. मोठ्याने नाही, दोनदाच, आधी कुंथून आणि मग लांब.

बायडाबाईच्या चोळीवर दोन काळे डाग उमटले आणि सगळ्यांच्या देखत मोठे होत गेले. तिने हात आडवे धरले, ते हातही भिजले. हरिबाला नीट दिसत नव्हतं, तो भंडारा धरून विचारत होता, "काय झालं? काय झालं रे?"

"इचारा तिला," म्हाळू म्हणाला. "पंधरा दिसांचं आटलेलं कुटून आलं?"

बायडाबाईने गर्दीतून मागे पाहिलं. छबुबाईने पोराचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं होतं. नेकनूरचे दोन पाहुणे तिच्या शेजारीच उभे होते. बायडाबाईने सांगितलं असतं, की नवव्या दिवशी पोर आणलं म्हणून पाजलं, तर कदाचित हरिबाने ऐकलं असतं. पण मग सोयरीक मोडली असती, आणि छबुबाई पुन्हा कधी त्या वाटेने आली नसती. पोर दुपारी कुठे गेलं असतं?

"इचारताव तर सांगते," ती म्हणाली. "मपलंच हाय हे दूद."

चिमूट हरिबाच्या बोटांतून खाली पडली. तो मटकन बसला आणि त्याने डोक्यावरचं मुंडासं काढून मांडीवर ठेवलं. बायडाबाईला त्याचं वाईट वाटलं. सगळ्या जातीत तेवढा एकच माणूस तिच्या बाजूने बोलला होता, आणि तोही तिनेच खोटा पाडला.

ती वाळीत पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हाळूने वाडा हलवला. नाहीतरी शिवारात चारा उरला नव्हता. कळप घाटाच्या वाटेला लागला, त्यात तिने लावून घेतलेली सगळी कोकरं होती. रतनबाई सगळ्यांत शेवटी निघाली. कुंपणाच्या काट्यांवर तिने फडक्यात बांधलेल्या चार भाकरी ठेवल्या, हाक मारली नाही. धूळ बसेपर्यंत बायडाबाई बघत राहिली. धुळाजी मेला तेव्हासुद्धा तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान मेंढरं होती.

दुपारी छबुबाई आली. मागच्या वाटेने यायची आता गरज नव्हती, तरी मागच्याच वाटेने आली. दाराशी थांबली.

"म्या बोलनार व्हते गं," ती म्हणाली.

बायडाबाईने काट्यांवरच्या भाकरी उचलून आत ठेवल्या.

"माघाच्या पंचमीला लगीन धरलंय. नेकनूरकरांनी सुपारी फोडली. त्येंच्याकडची येक बाई लेकुरवाळी हाय, नव्या सुनंसंगं ऱ्हायला येनार हाय, पोरीला पाजायला. तवर तेवडं तू..." तिने पोरीवरचा पदर बाजूला केला.

माघ पंचमीला दीड महिना उरला होता. पोरीने बायडाबाईला पाहिलं आणि म्हातारीच्या हातांतून ती पुढे झुकली.

"तवर तर तवर," बायडाबाई म्हणाली. "द्या हिकडं."